वर जाताना भरलेली, खाली येताना रिकामी

आमचे हे लिफ्टमन होते. होते म्हणजे माणूस आहे, चांगला ठणठणीत आहे, नोकरी तेवढी संपली. लोकांना वाटतं लिफ्टमन म्हणजे काय, बटण दाबायचं आणि स्टुलावर बसून जांभया द्यायच्या. पण ह्यांच्या लिफ्टला बटणं नव्हतीच. एक पितळी दांडा होता, वीतभर. डावीकडे ढकलला की वर, उजवीकडे ओढला की खाली, आणि मधोमध आणला की थांबायचं. नेमकं कुठे थांबायचं हे लिफ्टला कळत नसे, ते ह्यांच्या मनगटाला कळायचं. लिफ्टची फरशी आणि मजल्याची फरशी एका रेषेत यायला हवी, बोटभर वरखाली झालं तरी उतरणारा ठेचकाळतो. चौतीस वर्षांत ह्यांच्या लिफ्टमधून उतरताना कुणी ठेचकाळलं नाही. हे मी नाही सांगत, त्या नऊ मजली इमारतीतलं कुणीही सांगेल.

इमारत सगळी ऑफिसांची. सकाळी नऊ ते साडेदहा वर जाताना लिफ्ट खच्चून भरलेली. आठ माणसं, त्यांचे डबे, त्यांच्या छत्र्या, त्यांची सर्दी, त्यांची घरून आणलेली भांडणं. प्रत्येकाला ह्यांच्याशी बोलायचं असे आणि हेही बोलायचे. "काय, मुलाची परीक्षा झाली का?" "झाली हो, पण गणितात घोडं पेंड खातंय." मजला आला की जाळीचं दार बाजूला सारायचं आणि म्हणायचं, "सांभाळून." नवव्या मजल्यावर शेवटचा माणूस उतरला की दार ओढून घ्यायचं आणि खाली यायचं, एकट्याने. नऊ मजले, चाळीस सेकंद. जाळीतून भिंत वर वर सरकत राहायची, एकेका मजल्याचा उजेड पायांवरून यायचा, तोंडावरून जायचा, परत अंधार. खाली पोचलं की पुन्हा आठ माणसं. संध्याकाळी सगळं उलट. वर जाताना रिकामी, खाली येताना भरलेली. दिवसाला साठ-सत्तर फेऱ्या, त्यातल्या निम्म्या लोकांच्या आणि निम्म्या ह्यांच्या स्वतःच्या.

हे गणित मला फार उशिरा कळलं. दिवसभर तुम्ही नेमकं काय करता, हे मी कधी विचारलंच नव्हतं. मी बोलायचं आणि ह्यांनी ऐकायचं, अशी आमच्या घरात कामाची वाटणी होती.

आता माझं सांगते. माझं माहेर अकरा माणसांचं आणि तीन खोल्यांचं. तिथून उठले ती सासरी, तिथे सासू, सासरे, दोन दीर, एक नणंद. नणंद लग्न होऊन गेली, दीर वेगळे झाले, सासूसासरे गेले, तोवर आमची लेक झाली होती. ती शाळेत जायला लागली तेव्हा दुपारचं घर मला खायला उठलं. मी शेजारणीचं एक पोर सांभाळायला घेतलं, मग दुसरीचं, असं करता करता पाळणाघरच झालं. आज आमच्या दोन खोल्यांत सकाळी आठपासून सात पोरं असतात. न्हाणीघरात गेले तरी बाहेरून कुणीतरी ओरडणार, "आजी, ह्याने माझी गाडी घेतली!" आणि मला ते आवडतं, खोटं कशाला बोलू. आजूबाजूला माणूस नसलं की माझा जीव घाबराघुबरा होतो. घरात कुणी नसेल तर मी रेडिओशी भांडते.

लग्नानंतर महिन्याभरात एका रविवारी हे मला ती इमारत दाखवायला घेऊन गेले होते. ऑफिसं बंद, सगळीकडे शुकशुकाट. मला लिफ्टमध्ये उभं केलं, दांडा ढकलला, आणि पाचव्या-सहाव्या मजल्यांच्या मध्येच थांबवली. समोर नुसती विटांची भिंत, डोक्यावर एक मिणमिणता दिवा.

"ऐक," हे म्हणाले.

"काय ऐकू?"

"काही नाही. तेच."

माझी अशी घाबरगुंडी उडाली! नवी नवरी, लोंबकळत्या पेटीत, आणि हा माणूस म्हणतो काही नाही ते ऐक. मी जी बोलायला सुरुवात केली ती थांबलेच नाही. हे हसत होते, ऐकत होते, मग हळूच दांडा ढकलला आणि आम्ही नवव्या मजल्यावर पोचलो. आज वाटतं, तो माणूस त्या दिवशी मला स्वतःची सगळ्यात आवडती जागा दाखवत होता, आणि मी तिथे मावसबहिणीच्या नणंदेची भानगड सांगत होते. पुन्हा कधी ह्यांनी मला तिकडे नेलं नाही.

पुढे एक दिवस इमारतीच्या मालकांनी नवी लिफ्ट बसवली. बटणांची, आरशाची, आपोआप उघडणाऱ्या दारांची. ह्यांना हार, नारळ काही नाही, एक भिंतीवरचं घड्याळ दिलं आणि सांगितलं, आता आराम करा. हे घड्याळ घेऊन घरी आले आणि आमच्या दोन खोल्यांत, सात पोरांत आणि माझ्या तोंडाच्या पट्ट्यात येऊन बसले.

पहिल्याच आठवड्यात माझ्या लक्षात आलं, ह्या माणसाला चाळीस सेकंदांपलीकडे बोलता येत नाही. तेवढं मात्र झकास बोलतात. मान हलवतील, हसतील, नेमका प्रश्न विचारतील, समोरच्याला वाटावं की जगात आपल्यासारखा बोलणारा नाही. आणि चाळीस सेकंद झाले की डोळ्यांतला दिवा विझतो. उठतात, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात जातात आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहतात. थोड्या वेळाने परत येतात, ताजेतवाने, आणि विचारतात, "हं, मग काय झालं?"

"तुम्हाला मास्तरांनी शिक्षा केलीय का?" मी एकदा विचारलं. "भिंतीत काय बघता?"

"काही नाही," म्हणाले.

पोरांना मात्र हा खेळच वाटला. हे एकेकाला उचलून खांद्यावर घ्यायचे, "चौथा मजलाऽऽ" म्हणायचे, "सांभाळून" म्हणत खाली ठेवायचे. सातही जणांचं झालं की कोपऱ्यात भिंतीपाशी. मग पोरंही त्यांच्यामागून जाऊन भिंतीपाशी उभी राहायला लागली. एकदा एका पोराची आई लवकर न्यायला आली आणि बघते तर काय, सात पोरं आणि एक म्हातारा, सगळे भिंतीकडे तोंड करून गप्प उभे. ती बिचारी पांढरीफटक पडली. तिला समजवता समजवता माझ्या नाकी नऊ आले.

इथवर मी हसून घेतलं. पण मग व्याही आले.

व्याही म्हणजे काचेचं सामान, हे ज्याला लेक आहे त्याला सांगायला नको. आमचे व्याही पूर्वी शाळा तपासायचे, आता माणसं तपासतात. ते आणि विहीणबाई पहिल्यांदाच सवड काढून आमच्याकडे आले होते. मी आत चहा टाकला. व्याही त्यांच्या पित्ताशयाच्या ऑपरेशनची गोष्ट सांगायला लागले. हे समोर बसून ऐकत होते, "अरे बापरे, मग?" म्हणत होते. मला आतून ऐकून बरं वाटलं, म्हटलं चला, रंगलंय. व्याही नुकते टेबलावर आडवे झाले होते, डॉक्टर हातमोजे घालत होते, आणि हे शांतपणे उठले, दाराशी गेले, दार सताड उघडलं, बाजूला उभे राहिले आणि म्हणाले, "सांभाळून."

मी चहाचा ट्रे घेऊन बाहेर आले तेव्हा व्याही चपला घालत होते.

"अहो, हे काय? बसा ना, चहा झालाय!"

"नको, नको," विहीणबाई म्हणाल्या, पदर खोचत, "आम्हाला कळलं."

संध्याकाळी लेकीचा फोन. "आई, बाबांनी सासऱ्यांना घराबाहेर काढलं?"

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. फोन ठेवला आणि मी ह्यांच्यावर जी बरसले! "माणसांत बसायची अक्कल नाही तुम्हाला! लेकीच्या संसारात बिब्बा घातलात! जन्मभर पेटीत बसून बसून पेटीच झालीय तुमची!" हे सगळं ऐकून घेत होते. शेवटी इतकंच म्हणाले, "मुद्दाम नाही केलं गं. हात गेला."

दुसऱ्या दिवशी स्वतः जाऊन व्याह्यांची माफी मागून आले. व्याह्यांनी ऑपरेशनची गोष्ट पहिल्यापासून सांगितली आणि ह्यांनी ती शेवटपर्यंत ऐकली. परत आले तेव्हा चेहरा असा झाला होता जसं ह्यांचंच ऑपरेशन झालंय.

त्याच्या पुढच्या सोमवारपासून हे अकरा वाजता घराबाहेर पडायला लागले आणि चारला परत यायला लागले. मी दोन दिवस धीर धरला. तिसऱ्या दिवशी विचारलं, "कुठे असता?"

"इमारतीत. गच्चीवर जुन्या लिफ्टच्या मशीनची खोली आहे ना, ती रिकामी पडलीय. नव्या लिफ्टला खोली लागत नाही. केअरटेकरने किल्ली दिली."

"तिथे काय करता?"

"बसतो."

"आणि?"

"मग खाली गेटवर येतो, लोकांशी बोलतो. मग परत वर जातो."

ह्यात लपवाछपवी काही नव्हती, आणि म्हणूनच मला जास्त झोंबलं. ह्यांचा चेहराही बदलला. चारला घरी यायचे ते कसे, शीळ घालत. पोरांशी खेळायचे, माझं बोलणं ऐकायचे, चाळीस सेकंद सोडा, अर्धा अर्धा तास ऐकायचे. शेजारणी म्हणायला लागल्या, भाऊंची तब्येत सुधारली हो. आणि इकडे माझ्या अंगाचा तिळपापड. माझ्यापासून पाच तास लांब राहिलं की हा माणूस बाळसं धरतो, ह्याचा अर्थ काय? सवत असती तर परवडली असती, तिच्या झिंज्या तरी उपटता येतात. रिकाम्या खोलीचं काय उपटणार?

मग आला तो शुक्रवार. पोरं गेली होती, मी खेळणी गोळा करत होते. हे दाराच्या चौकटीला टेकून म्हणाले, "ती जुनी पातळ गादी आहे ना माळ्यावर? तिकडे नेऊ का?"

माझ्या हातातला डबा खाली पडला.

"गादी?"

"अगं, ऐक—"

"आज गादी नेताय, उद्या उशी न्याल, परवा दाढीचं सामान! सरळ सांगा ना, घर सोडायचंय म्हणून!"

"तसं नाही, माझं—"

"तेहतीस वर्षं तुमच्या घराची, तुमच्या आईवडलांची, तुमच्या भावंडांची सेवा केली, आणि आता म्हातारपणी तुम्हाला मी नकोशी झाले? लोक काय म्हणतील? लेकीला काय तोंड दाखवू?"

ह्यांनी तिसऱ्यांदा तोंड उघडलं, मग मिटलं. "तुझं झालं की सांगतो," म्हणाले. पण माझं काही झालं नाही. जेवताना झालं नाही, झोपेपर्यंत झालं नाही.

शनिवारी सकाळी दहाला हे माळ्यावर चढले, गादी काढली, झटकली, गुंडाळून सुतळीने बांधली, खांद्यावर घेतली आणि गेले. मी सज्ज्यात उभी होते. रस्त्याने गादी चालली होती, गादीखाली ह्यांचे दोन पाय. वळणावर थांबून ह्यांनी गादी दुसऱ्या खांद्यावर घेतली, आणि मग दिसेनासे झाले. मला रडू फुटलं. तेहतीस वर्षांत हा माणूस माझ्याशी एकदाही आवाज चढवून बोलला नव्हता, आणि आता एक शब्द न बोलता चालला होता. एक पोर येऊन माझ्या पदराला नाक पुसून गेलं तेवढाच काय तो आधार.

शनिवारी पोरं एकला जातात. शेवटचं पोर गेलं तशी मी चपला घातल्या. वाटभर मनात वाक्यं जुळवत होते. शेवटी एकच ठरवलं. समोर उभं राहायचं आणि विचारायचं, "मी, की ती खोली? आत्ताच्या आत्ता सांगा." जे सांगतील ते ऐकायचं आणि तिथेच सोक्षमोक्ष लावायचा.

इमारतीच्या दाराशी केअरटेकर पेपर वाचत बसला होता. मला बघून उठला. "वहिनी ना तुम्ही? आमच्या लिफ्टवाल्या दादांच्या?"

"वर आहेत का?"

"आत्ता इथेच होते, कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये जातो म्हणाले. तुम्ही व्हा वर. खोलीचं कुलूप दादांनी उघडलेलंच आहे, नुसती कडी लावलीय."

नवी लिफ्ट आली. दार आपलं आपण उघडलं, आत आरसा. आरशात बघितलं तर केस विस्कटलेले, पदर एकीकडे, कपाळावर पोरांचा हिरवा खडू. म्हटलं वा, नवऱ्याला जाब विचारायला काय ध्यान निघालंय! कुठलीतरी बाई छतातून मजले मोजत होती. भर दुपारची वेळ, मध्ये कुणी चढलं नाही, कुणी उतरलं नाही. नवव्या मजल्यावरून गच्चीला लोखंडी जिना होता. गुडघ्यावर हात ठेवत चढले, कडी काढली.

खोली लहानशीच, आमच्या स्वयंपाकघराएवढी. सिमेंटची जमीन, तिच्यावर मशीन जिथे होतं तिथे काळा तेलकट चौकोन आणि खिळ्यांची चार भोकं. एक मोठी खिडकी, तिच्यात नुसतं आभाळ. खिडकीखाली आमची गादी अंथरलेली, तिच्यावर चादर, सुरकुती नाही. शेजारी ह्यांचं लिफ्टमधलं जुनं स्टूल आणि पाण्याची बाटली. बस. मी पोलिसासारखी कोपरे धुंडाळले. कपडे नाहीत, दाढीचं सामान नाही, उशीसुद्धा नाही. जीव अर्धा भांड्यात पडला. म्हटलं, येऊ देत, बसूनच वाट बघते. दार लावून घेतलं आणि गादीवर बसले.

पाठ केलेलं वाक्य एकदा म्हणून बघितलं. "मी, की ती खोली?" खोलीत ते मोठं आणि खोटं ऐकू आलं. दुसऱ्यांदा म्हणावंसं वाटलं नाही.

जमिनीत एका जागी चौकोनी भोक होतं, पूर्वी तिथून दोर जायचे, आता वर फळी टाकली होती. फळीच्या फटीतून गार वारा येत होता आणि वाऱ्याबरोबर आवाज. लिफ्ट चालली की घूं असं दुरून ऐकू यायचं, मग माणसांची कुजबुज वर वर यायची, कुणी हसायचं, एखादा शब्द अगदी जवळ यायचा, "उद्या" किंवा "आईला", आणि परत खाली बुडून जायचा. माणसं होती. माझ्या पायाखाली नऊ मजले माणसं होती. पण त्यांतल्या एकालाही माझ्याकडून काही नको होतं.

मी चपला काढल्या. पाय लांब केले. मग वाटलं, कोण बघतंय, आणि आडवी झाले.

खिडकीतून उन्हाचा एक चौकोन माझ्या पोटावर येऊन बसला होता, ऊबदार, मांजरासारखा. आभाळात एक ढग होता, तो कुठे चाललाय असं वाटत नव्हतं, पण बघता बघता खिडकीच्या एका काठावरून दुसऱ्या काठावर गेला. मला माहेरचं अंथरुणांचं कपाट आठवलं. मी आठ-नऊ वर्षांची असेन. लपंडाव चालला होता आणि मी त्या कपाटात दुलयांच्या मागे शिरले होते. सगळे मला शोधत होते, हाका मारत होते, आणि मी अंधारात, कापसाच्या वासात, गुडघे पोटाशी घेऊन बसले होते. बाहेर माझं नाव घेत सगळं घर फिरत होतं आणि आत मी कुणाचीच नव्हते. किती सुख होतं ते! मग थोरल्या भावाने दार उघडलं आणि सगळे ओरडले. त्यानंतर पन्नास वर्षं मी सापडलेलीच होते. हे मला इतकी वर्षं आठवलंही नव्हतं. झोप होती की जाग, सांगता येत नाही. ढग जात होते, खालचे आवाज येत होते, बुडत होते, ऊन पोटावरून गुडघ्यांवर, गुडघ्यांवरून पावलांवर उतरत होतं, आणि मी त्याच्याबरोबर कुठेतरी हळूहळू खाली चालले होते. घाबरले नव्हते. बडबडावंसं वाटत नव्हतं.

डोळे उघडले तेव्हा ऊन समोरच्या भिंतीवर चढलं होतं. मनगटावरच्या घड्याळात सव्वाचार. मी दचकून उठले. हे आलेच नाहीत? पदर सारखा केला, दार उघडलं.

हे जिन्याच्या वरच्या पायरीवर बसले होते, माझ्याकडे पाठ करून. शेजारी कागदी पिशवी, पाठीला लावायच्या मलमाची नळी तिच्यातून डोकावत होती. दोन पेले चहा, दोन्हींवर साय धरलेली.

"कधी आलात?"

"दोनच्या आसपास. केअरटेकर म्हणाला तू वर आलीयस, म्हणून तुझाही चहा आणला."

"दोनला? मग दोन तास इथे बसलात? आत का नाही आलात?"

ह्यांनी वळून माझ्याकडे बघितलं. एखाद्याला 'आत जागा नाही' म्हणून सांगावं इतक्या साधेपणाने म्हणाले, "तू एकटी होतीस."

मी तिथेच दाराला धरून उभी राहिले.

"तुम्ही घर सोडून जाताय का?" मी विचारलं. ठरवलं होतं तसं ठसक्यात नाही विचारता आलं.

"मी? कुठे जाऊ?" हे खरोखरच गोंधळले. "गादी पाठीसाठी गं. स्टुलावर बसून बसून मणका गेलाय, जमिनीवर पाठ टेकवत नाही. काल तेच सांगत होतो."

"मग सांगायचं ना नीट!"

"सांगत होतो," म्हणाले, आणि हसले.

काय सांगू मला काय वाटलं. ह्या दोन तासांत मला ह्यांची एकदाही आठवण आली नव्हती. ह्यांची नाही, लेकीची नाही, पोरांची नाही. आणि ह्यांना त्या पायरीवर बसलेलं बघितलं तेव्हा माझ्या पोटात अशी माया दाटून आली, जशी गेल्या कित्येक वर्षांत आली नव्हती. म्हणजे ह्यांनाही रोज चार वाजता असंच होत असणार. मी इतके दिवस मनात जे विचारत होते, की माझ्यावर जीव आहे तर लांब कशाला जायचं, त्याचं उत्तर माझ्याच अंगात येऊन बसलं होतं, आणि ते ह्यांनी दिलेलं नव्हतं. माझे डोळे भरून आले. लाजही वाटली, रागही आला, स्वतःचा.

हे गुडघ्यावर हात टेकून उठले. मलमाची पिशवी उचलली, मला हात पुढे केला. "चल, निघू या? सव्वाचार झाले. घरी उशीर होईल."

मी ह्यांचा हात धरला, दाबला, आणि सोडला.

"तुम्ही बसा जरा," मी म्हटलं. "मला अजून पाच मिनिटं हवीत." आणि आत जाऊन दार लावून घेतलं.